शिडाच्या नौकेवरील इलेक्ट्रॉनिक उपकरणे विश्वासार्ह कशी ठेवावीत आणि त्यांचे आकडे कसे पडताळावेत

जीपीएस, चार्टप्लॉटर (पडद्यावर नकाशा आणि त्यावर आपले स्थान दाखवणारा), खोलीमापक, वेगमापक, वारामापक, ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारा), व्हीएचएफ रेडिओ आणि एआयएस (नौकांची ओळख आणि स्थान रेडिओवरून एकमेकींना कळवणारे) ही उपकरणे आता शिडाच्या नौकांवर सर्रास असतात. मुंबईहून सकाळी मांडव्याला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या तीस फुटी नौकेवरही त्यांतली निम्मीअधिक सापडतात. ती बंद का पडतात याचा माग काढू लागले की खुद्द उपकरणाच्या आतला दोष क्वचितच निघतो. दोष बहुधा त्याला मिळणाऱ्या विजेत, वायरींच्या जोडांत, आत शिरलेल्या पाण्यात किंवा सेन्सरवर साचलेल्या घाणीत असतो, आणि या चारही गोष्टी नौकामालकाला स्वतः तपासता येतात. दुसरी बाब माझ्या मते याहून गंभीर आहे. पडदा काळा पडला की सुकाणूवरचा माणूस तत्काळ सावध होतो. पण पडद्यावर चुकीचा आकडा ठळकपणे झळकत असेल, तर तोच माणूस निर्धास्तपणे उथळ पाण्यात शिरतो. म्हणून पुढे देखभालीइतकीच जागा आकड्यांच्या पडताळणीला दिली आहे. या सूचना ३० ते ४० फुटी, १२ व्होल्टवर चालणारी, कोकण किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे या काळात वापरली जाणारी आणि पावसाळ्यात वर काढून ठेवली जाणारी नौका डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

विजेपासून सुरुवात

प्रथम चोवीस तासांच्या सलग प्रवासाला किती वीज लागेल, याचा हिशेब कागदावर मांडावा. मध्यम आकाराचा चार्टप्लॉटर १.५ अँपिअर, वारा, खोली आणि वेग दाखवणारे दर्शक मिळून ०.५, नुसता ऐकत ठेवलेला व्हीएचएफ ०.५, एआयएस ०.३ आणि ऑटोपायलट सरासरी ३.५ अँपिअर घेतो असे धरले, तर बेरीज ६.३ अँपिअर होते आणि दिवसाला सुमारे १५० अँपिअर-तास लागतात. यात दिवे, फ्रीज आणि पंप धरलेले नाहीत. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर खराब होते, म्हणून एवढ्या वापराला किमान ३०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी, किंवा सौर पट्ट्या आणि इंजिनच्या आल्टरनेटरकडून रोजची भरपाई तरी व्हायला हवी. मुंबई ते गोवा हे सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे अंतर ५ नॉटांनी (ताशी ५ सागरी मैल) कापायला ४५ तास लागतात. दुसऱ्या रात्री बॅटरी बसली तर दिवे, रेडिओ आणि ऑटोपायलट एकदमच जातात. बॅटरीची स्थिती पाहायची तर भार आणि चार्जर दोन्ही बंद करून, काही तास विश्रांती देऊन व्होल्टेज मोजावे. १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली आणि १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण अर्धी. चार्जिंग चालू असताना दिसणाऱ्या साडेतेरा-चौदा व्होल्टांवरून बॅटरीच्या तब्येतीबद्दल काहीच कळत नाही.

इंजिन सुरू करण्यासाठी स्वतंत्र बॅटरी असावी. स्टार्टर फिरताना व्होल्टेज क्षणभर कोसळते, आणि उपकरणे त्याच बॅटरीवर असतील तर प्लॉटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, जुन्या ऑटोपायलटला ठरवून दिलेली दिशा पुसली जाते आणि अरुंद खाडीत नको त्या क्षणी पडदा कोरा होतो. असे एकदा जरी घडले तरी प्लॉटर बदलण्याचा विचार न करता वायरिंग बदलावे.

आता व्होल्टेजच्या घटीकडे वळू, कारण ऑटोपायलटच्या तक्रारींत हे कारण फार वेळा सापडते. बॅटरीपासून ऑटोपायलटच्या मोटरपर्यंत ८ मीटर अंतर असेल तर वीज जाऊन परत येण्याचा मार्ग १६ मीटरचा होतो. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर त्या मार्गाचा रोध सुमारे ०.११ ओम भरतो आणि मोटरने लाटेत १० अँपिअर ओढले की वाटेतच १.१ व्होल्ट गळतात. बॅटरीवर १२.२ व्होल्ट असताना मोटरला ११.१ व्होल्ट मिळतात, आणि पुष्कळ ऑटोपायलट याच्या आसपास कमी व्होल्टेजचा इशारा देऊन सुकाणू सोडतात. तीच वायर १० चौरस मिलिमीटरची केली तर घट ०.२८ व्होल्टांवर येते. महत्त्वाच्या उपकरणांसाठी घट ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे आणि तो पाळावा. मोजण्याची रीत अशी: मल्टिमीटरची टोके थेट मोटरच्या टर्मिनलवर धरावीत, दुसऱ्याने सुकाणू एका बाजूहून दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवायला ऑटोपायलटला हुकूम द्यावा, आणि मोटर जोर लावत असताना आकडा वाचावा. मोटर स्वस्थ असताना घेतलेले माप निरुपयोगी आहे. खराब जोडही त्या वेळी पूर्ण १२.५ व्होल्ट दाखवतो.

प्रत्येक उपकरणाला त्याच्या उत्पादकाने सांगितलेल्या क्षमतेचा स्वतंत्र फ्यूज हवा. खोलीमापक, व्हीएचएफ आणि प्लॉटर एकाच फ्यूजवर कधीही ठेवू नयेत, नाहीतर एकातला शॉर्ट तिघांना घेऊन जातो.

जोड आणि पाणी

खाऱ्या हवेत उघड्या तांब्याचे काय होते हे पाहायचे असेल तर चार-पाच वर्षे जुन्या साध्या वायरीचे टोक सोलून पाहावे. चकचकीत लालसर धाग्यांऐवजी काळपट, ठिसूळ तंतू दिसतात, आणि थिंबलच्या (वायरीच्या टोकाला चेपलेल्या धातूच्या टोपीच्या) जवळ हिरवट भुकटी चिकटलेली असते. वात जसे तेल ओढते तशी वायर आपल्या वेष्टनाखालून ओल आत ओढून घेते, त्यामुळे टोकाचे दोन सेंटिमीटर कापून भागत नाही. चकाकणारे तांबे लागेपर्यंत कापत मागे जावे लागते, आणि कित्येकदा वायर अर्धा मीटर कापूनही तांबे काळेच निघते. तसे झाल्यास ती वायर पूर्ण बदलावी. नवी वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचीच घ्यावी. घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर नौकेच्या हादऱ्यांनी थिंबलच्या तोंडाशी मोडते.

जोड देताना थिंबल योग्य मापाचे घ्यावे आणि दातेरी पकडीने चेपावे. साध्या पक्कडीने दाबलेला जोड हाताला घट्ट लागतो, पण आतून सैल राहतो. चेपल्यावर जोड हाताने जोरात ओढून पाहावा. मग आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, जेणेकरून दोन्ही तोंडांतून वितळलेला गोंद थोडा बाहेर आलेला दिसेल. नुसत्या सोल्डरवर अवलंबून राहू नये, कारण सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी तिथेच तुटते. इन्सुलेशन टेप गुंडाळून केलेला जोड नौकेवर तात्पुरता समजावा. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि पाणी आत अडकून राहते. उपकरणात शिरण्यापूर्वी प्रत्येक वायरीला खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी टपकून जाते आणि कनेक्टरपर्यंत पोहोचत नाही.

उपकरणावर लिहिलेल्या जलरोधक दर्जाचा अर्थही नीट समजून घ्यावा. आयपी ६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे. हा दर्जा स्थिर पाण्यातल्या चाचणीवरून दिलेला असतो आणि त्यात वेगाने मारलेली धार येत नाही, म्हणून डेक धुताना प्रेशर पंपाची धार पडद्यांवर मारू नये. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने पडदे आणि बटणे पुसावीत, कारण सुकलेले मीठ हवेतली ओल धरून ठेवते. उन्हाळ्यातल्या दुपारी वापरात नसलेल्या पडद्यावर पांढरे झाकण घालणे आवश्यक आहे. तापलेला एलसीडी पडदा काळवंडतो आणि काही वर्षांत कायमचा डागाळतो.

उपकरणांचे जाळे

अलीकडच्या नौकांवर सर्व उपकरणे एनएमईए २००० या जाळ्याने जोडलेली असतात. एका मुख्य केबलवर टी-आकाराचे जोड आणि प्रत्येक जोडातून उपकरणाकडे जाणारी शाखा, अशी त्याची रचना असते. शाखा ६ मीटरांपेक्षा लांब नसावी, आणि मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक टर्मिनेटर (टोक बंद करणारा रोधक) असावा. तपासणी अगदी सोपी आहे: जाळ्याची वीज बंद करून दोन्ही संदेशवाहक तारांमधला रोध मोजावा. ६० ओमच्या आसपास आला तर दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत. १२० आला तर एक गळाला आहे किंवा केबल मध्येच तुटली आहे. ४० आला तर कोणीतरी तिसरा बसवला आहे. एक टर्मिनेटर नसतानाही छोटे जाळे कित्येकदा चालते आणि मग अधूनमधून, कारण न कळता, वाऱ्याचा किंवा खोलीचा आकडा गायब होऊ लागतो. असा येतो-जातो बिघाड दिसला की उपकरणांना दोष देण्यापूर्वी हे माप घ्यावे. जाळे पूर्ण बंद पडल्यास शाखा एकेक करून सोडवाव्यात. ज्या शाखेला सोडवताच बाकीचे जिवंत होते, दोष तिच्यात असतो. दोन टर्मिनेटर, एक टी-जोड आणि एक शाखा-केबल सुटे म्हणून नौकेवर असावेत.

जुन्या एनएमईए ०१८३ पद्धतीत दोन उपकरणे थेट तारांनी जोडलेली असतात. तिथे तारांचे रंग उत्पादकागणिक वेगळे असल्याने कोणती तार कुठे गेली आहे याचे रेखाचित्र काढून नकाशांच्या टेबलाजवळ ठेवावे.

सेन्सर: आकडा कुठून येतो

वेगमापकाचे छोटे चक्र तळाखाली पाण्यात फिरते, आणि आपल्या खाड्यांत नांगरून ठेवलेल्या नौकेच्या चक्रावर काही आठवड्यांतच शेवाळ आणि बार्नेकल बसतात. म्हणून नौका उभी असताना चक्र आतून काढून त्याच्या जागी सोबत मिळालेले बूच बसवावे. काढताना क्षणभर पाण्याचे कारंजे उडते. त्याला घाबरण्याचे कारण नाही, मात्र बूच आधीच हातात धरलेले असावे.

चक्र स्वच्छ असूनही वेग चुकू शकतो, तो जीपीएसच्या साहाय्याने बसवावा. वारा पडलेला असताना इंजिनच्या एकाच वेगावर एकदा प्रवाहासोबत आणि लगेच प्रवाहाविरुद्ध सरळ चालवावे. समजा जीपीएसने एकदा ६.४ आणि परतताना ४.० नॉट दाखवले, सरासरी ५.२ आली. वेगमापक दोन्ही वेळा ४.७ दाखवत असेल तर त्याचा आकडा १.१ पट करावा लागेल. एकाच दिशेने जाऊन जीपीएसशी जुळवले तर मुंबई बंदरातला भरती-ओहोटीचा प्रवाहच वेगमापकात कायमचा कोंबला जातो, आणि हे फार जण करतात.

वेगमापकाकडे दुर्लक्ष करू नये यामागे आणखी एक कारण आहे. पडद्यावर दिसणारा खरा वारा कोणताही सेन्सर मोजत नाही. डोलकाठीवरच्या सेन्सरला लागणारा भासमान वारा आणि नौकेचा वेग यांवरून तो काढला जातो. भासमान वारा ९० अंशांतून १२ नॉट आणि नौकेचा वेग ६ नॉट असेल, तर खरा वारा ११७ अंशांतून येतो. घाणेरड्या चक्राने ६ ऐवजी ४.८ नॉट दाखवले तर पडदा ११२ अंश सांगतो. खऱ्या वाऱ्याच्या कोनावर ऑटोपायलट लावलेला असेल तर तळाखालच्या शेवाळाने नौकेचा मार्ग ५ अंशांनी वळवला असा त्याचा अर्थ होतो. जाळ्यात जोडलेल्या उपकरणांत एकाची चूक अशी दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडते, म्हणून कोणता आकडा थेट मोजलेला आहे आणि कोणता इतरांवरून काढलेला आहे, हे नौकेवरील प्रत्येकाला माहीत असावे.

वारामापकाचा सेन्सर तिरका बसला आहे का हे पाहण्यासाठी, शिडे एकसारखी ताणून, डाव्या आणि उजव्या अंगाने वाऱ्याच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे आणि दोन्ही कोन लिहावेत. एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला ४० आले तर सेन्सर ३ अंशांनी वळलेला आहे. हलक्या वाऱ्यात वाट्या अडखळत फिरत असतील तर बेअरिंग झिजले असे समजावे.

खोलीमापकाच्या बाबतीत पहिला प्रश्न असा, की दिसणारी खोली कुठून मोजलेली आहे. ट्रान्सड्यूसर (खोली मोजणारा तळाचा सेन्सर) पाण्याच्या पातळीखाली ०.६ मीटर आणि कीलचा (नौकेखालच्या वजनदार पात्याचा) तळ १.८ मीटर खोल असेल, तर पाण्याची खरी खोली हवी असल्यास ०.६ मिळवावे लागतात आणि कीलखालचे पाणी हवे असल्यास १.२ वजा करावे लागतात. मागच्या मालकाने किंवा मेकॅनिकने यांपैकी काय बसवले आहे हे गृहीत धरू नये. शांत पाण्यात दोरीला शिशाचे वजन बांधून खोली मोजावी, पडद्याशी ताडून पाहावी आणि जी पद्धत ठरली ती पडद्याशेजारी लिहून चिकटवावी. मुंबई बंदराच्या मऊ चिखलात वजन किंचित रुतते, त्यामुळे शक्य असल्यास वाळूच्या तळावर ही चाचणी घ्यावी. किनाऱ्यापासून दूर, तळ उपकरणाच्या आवाक्याबाहेर गेला की काही खोलीमापक शेवटचा आकडा लुकलुकत ठेवतात आणि काही अचानक ४-५ मीटरसारखा खोटा आकडा दाखवतात. नकाशावर शंभराहून अधिक मीटर खोली असताना असे दिसले तर घाबरू नये. पण नकाशात आपण नेमके कुठे आहोत याची खात्री दुसऱ्या मार्गाने करूनच ते खोटे मानावे.

ऑटोपायलटचे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र सहसा एखाद्या कपाटाच्या मागे किंवा बर्थखाली बसवलेले असते, आणि तिथे काय ठेवले जाते याकडे कोणाचे लक्ष नसते. लोखंडी हत्यारांची पेटी, डबाबंद खाद्यपदार्थ, स्पीकर किंवा मोबाइल यांपैकी काहीही शेजारी आले की दिशा काही अंशांनी हलते, तीही प्रत्येक मार्गावर वेगवेगळी. त्या कपाटावर ‘येथे लोखंड ठेवू नये’ अशी ठसठशीत चिठ्ठी लावावी. विजेच्या वायरी होकायंत्राजवळून जात असतील तर जाणारी आणि येणारी वायर एकमेकींभोवती पिळून घ्यावी, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खोडतात. वर्षातून एकदा, सपाट पाण्यात, हत्यारे आणि डबे नेहमीच्या जागी ठेवून, उपकरणाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे संथ गोल फेऱ्या मारून होकायंत्राची दुरुस्ती करून घ्यावी. आपल्या किनाऱ्यावर एक सोय आहे: मुंबई-गोवा पट्ट्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एक-दीड अंशाच्या आत असतो. त्यामुळे नकाशावरील दोन खुणा एका रेषेत आणून होकायंत्र पाहिले आणि चार-पाच अंशांचा फरक आढळला, तर तो जवळजवळ सगळा नौकेवरच्या लोखंडाचा आणि वायरींचा आहे असे समजावे.

जीपीएस आणि नकाशा

उपग्रहांनी दिलेले स्थान बहुतेक वेळा अचूक असते, आणि नेमकी हीच सवय धोक्याची ठरते. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्व्हो ओशन रेसमधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही नौका केप टाउनहून अबू धाबीला जाताना मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गादोस काराहोस या प्रवाळ-रांगेवर रात्री आदळली. नऊही जण वाचले. जीपीएस बिघडलेला नव्हता. इलेक्ट्रॉनिक नकाशा लहान प्रमाणावर, म्हणजे एकदम मोठा प्रदेश दिसेल असा, पाहिला गेला होता आणि त्या प्रमाणावर ती प्रवाळ-रांग पुरेशी स्पष्ट दिसत नव्हती. यावरून एक नियम करावा: मार्ग आखून झाल्यावर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यात मोठ्या प्रमाणावर, पडदा सरकवत सरकवत, डोळ्यांनी तपासावा, आणि शक्यतो दोन माणसांनी स्वतंत्रपणे तपासावा. आपोआप मार्ग आखून देणाऱ्या सोयीलाही हा नियम लागू आहे.

उपग्रह-संकेतांत ढवळाढवळ होऊ शकते हेही आता उघड आहे. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्क बंदराजवळच्या अनेक जहाजांना त्यांचे जीपीएस जमिनीवरच्या विमानतळावर उभे असल्याचे दाखवत होते. त्याहून साधी अडचण जुन्या उपकरणांची आहे: जीपीएसची आठवडेगणना १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते, आणि ६ एप्रिल २०१९ च्या अशा बदलानंतर काही जुनी जीपीएस उपकरणे चुकीची तारीख दाखवू लागली. जुना हातातला जीपीएस राखीव म्हणून ठेवला असेल तर त्याची तारीख आधी पाहून घ्यावी. कागदी नकाशावर स्थान मांडताना तो डब्ल्यूजीएस ८४ या, जीपीएस वापरत असलेल्या, अक्षांश-रेखांशांच्या आधारप्रणालीवर आहे का हेही वाचावे. देहरादूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाच्या नकाशांवर तशी नोंद असते, आणि जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशावर जीपीएसचे स्थान मांडण्यापूर्वी किती सरकवावे लागेल ते दिलेले असल्यास पाळावे.

पडताळणीची रोजची पद्धत अशी असावी. दर तासाला वेळ, अक्षांश-रेखांश, दिशा, वेगमापकावरील अंतर आणि खोली नोंदवहीत पेनाने लिहावी. मागच्या तासाच्या स्थानापासून तेवढ्या दिशेने तेवढे अंतर गेल्यास आपण कुठे यायला हवे होते, याचा अंदाज करून जीपीएसच्या स्थानाशी ताडावा, आणि पडद्यावरील खोली नकाशातील खोलीशी, त्या वेळची भरती मिळवून, जुळते का पाहावे. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार मीटरांहून अधिक चढते, त्यामुळे भरती न मिळवता केलेली तुलना फसवी ठरते. दोन स्वतंत्र मार्गांनी आलेले आकडे जुळले नाहीत, तर त्यांतला सोयीचा निवडू नये. वेग कमी करावा, खोल पाण्याकडे वळावे आणि कारण सापडेपर्यंत तिथेच राहावे.

रेडिओ, एआयएस आणि डोलकाठी

व्हीएचएफचे संच मजबूत असतात. त्यांचा कमकुवत दुवा अँटेनाची केबल आणि तिचे कनेक्टर हा आहे. डोलकाठीच्या टोकावरच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. २५ वॅटवर बोलूनही दोन-तीन मैलांवरच्या नौकेला आवाज पोहोचत नसेल, पण जवळ स्पष्ट ऐकू येत असेल, तर केबलमध्ये पाणी गेल्याचा संशय घ्यावा. चाचणीचे बोलणे चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनलवर, करू नये. आणखी एक नवी डोकेदुखी म्हणजे स्वस्त एलईडी दिवे. त्यांच्या सर्किटमधून निघणाऱ्या गोंगाटाने व्हीएचएफ आणि एआयएस बहिरे होतात, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. सर्व दिवे बंद करून एखाद्या शांत चॅनलवर स्क्वेल्च (खरखर दाबणारे बटण) खरखर जेमतेम थांबेपर्यंतच वळवावा, मग एकेक दिवा लावावा. ज्या दिव्यासरशी खरखर परत येते तो बदलावा. डोलकाठीवरच्या दिव्यापासून सुरुवात करावी, कारण तो अँटेनाला खेटून असतो.

एआयएसबद्दल एवढेच: रत्नागिरीपासून मालवणपर्यंत रात्री भेटणाऱ्या कित्येक लहान मासेमारी नौकांवर आणि त्यांच्या जाळ्यांवर एआयएस नसते. पडदा रिकामा असला तरी पाहाऱ्याला माणूस हवाच.

डोलकाठी मोडली तर व्हीएचएफची अँटेना, वारामापक आणि बहुधा एआयएस व रडारही तिच्यासोबत जातात. भारतीय नौदलाचे अधिकारी असलेल्या अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, जिथे जीपीएस वापरण्याची मुभा नव्हती, दक्षिण हिंदी महासागरात वादळात त्यांच्या ‘तुरीया’ या नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने २४ सप्टेंबरला त्यांची सुटका केली. नौकेच्या बॅटरीवर आणि डोलकाठीवर अवलंबून नसलेली संदेशसाधने अशा वेळी कामी येतात. म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (उपग्रहांमार्फत संकटाचा संदेश पाठवणारे उपकरण), हातातला व्हीएचएफ आणि सुट्या सेलवर चालणारा जीपीएस हे तिन्ही, नौकेच्या विजेशी संबंध न ठेवता, जिन्याजवळच्या पिशवीत ठेवावेत. ईपर्बची नोंदणी स्वतःच्या नावावर आणि चालू दूरध्वनी क्रमांकावर आहे का, बॅटरीची मुदत कधी संपते, आणि ईपर्बला आपोआप सोडणारी जलदाब-कळी असल्यास तिची दोन वर्षांची मुदत उलटली का, हे दर हंगामाला पाहावे.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरातल्या विजांच्या वादळात हीच हातातली उपकरणे ओव्हनमध्ये ठेवावीत. त्याची धातूची पेटी विजेच्या झटक्यापासून काही प्रमाणात संरक्षण देते. त्या वेळी ओव्हन पेटवला जाणार नाही याची सूचना सर्वांना द्यावी. अँटेनांच्या केबली संचापासून सोडवता आल्यास सोडवाव्यात, मात्र एक रेडिओ हाताशी चालू ठेवावा.

पावसाळ्यातले चार महिने आणि नंतर

आपल्याकडे उपकरणांचा सर्वाधिक नाश समुद्रात होत नाही, तो जून ते सप्टेंबर या काळात ताडपत्रीखाली होतो. दमट, कोंदट केबिनमध्ये सर्किटवर ओल धरते, आणि गोदीतले उंदीर वायरींचे वेष्टन कुरतडतात. काढता येतील ते पडदे काढून, कोरडे पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात घरी न्यावेत; काढण्यापूर्वी सर्व सेटिंगची छायाचित्रे घ्यावीत. मोकळ्या राहिलेल्या कनेक्टरांना विद्युतरोधक सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देऊन टोप्या लावाव्यात. बॅटरीची ऋण वायर सोडवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करावी, कारण उष्णतेत शिसे-आम्लाची बॅटरी पडून पडून लवकर उतरते. वायरी जिथून भिंतीतून जातात ती भोके बंद करावीत, पण केबिनला हवा खेळती ठेवावी. सॉफ्टवेअरची अद्ययावत आवृत्ती टाकायची असेल तर ती याच काळात टाकावी. लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी कधीही टाकू नये.

ऑक्टोबरात नौका पाण्यात उतरली की पहिली फेरी केवळ चाचणीसाठी ठेवावी. सकाळच्या मतलई वाऱ्यात, ओळखीच्या पाण्यात, सर्व उपकरणे एकदम चालू करून ऑटोपायलटला दोन तास काम द्यावे आणि त्याच्या मोटरवरचे व्होल्टेज मोजावे. दोन्ही दिशांची वेगचाचणी, वाऱ्याचे दोन कोन, शिशाच्या दोरीने खोली, दोन खुणांच्या रेषेवर होकायंत्र आणि शेजारच्या नौकेशी रेडिओवर बोलणे, एवढे उरकावे. त्यानंतर मुख्य स्विच बंद करून, फक्त हातातले होकायंत्र, कागदी नकाशा आणि घड्याळ यांच्या आधारे परत नांगराच्या जागी यावे. या फेरीत मिळालेले सर्व आकडे तारखेसह नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावेत, कारण जानेवारीत एखादे उपकरण विचित्र वागू लागले की ते बदलले आहे की पहिल्यापासूनच तसे होते, हे त्या पानावरूनच ठरते.